मारुतीदादा, वळणावर आता कठडा आहे

मारुतीदादा,

तू गेलास त्या सकाळी त्यांनी रस्त्यावरच्या डागावर खडीची भुकटी टाकली आणि वाहतूक सोडली.

स्मृतिलेखाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. कॉलेजच्या अंकासाठी लिहायचं तर आधी 'हसतमुख', 'मनमिळाऊ' असं काहीतरी येऊ दे, असं मैत्रिणीने सुचवलं. तू हसतमुख होतासच. पण लिहायला बसले की मला आधी ती भुकटी दिसते. एकाने फावड्याने ती पसरली, दुसऱ्याने बुटाने सारखी केली आणि सुपरवायझरने आमच्या बसला हाताने खूण केली, चल, पुढे घे. पुढे अपघात झालाय एवढंच आम्हाला तोवर कळलं होतं. धुकं होतं. मी खिडकीला डोकं टेकवून तुला शोधत होते, कारण त्या वळणावर बस थांबली की तू दिसायचासच. मग तुझा लाल झेंडा दिसला. रस्त्याकडेच्या चरात पडला होता. बस त्या भुकटीवरून गेली, आणि मागच्या बाकावरची बाई शेजारणीला म्हणाली, "घाटी होतो मगे. सकाळीच पिऊन इल्लो आसतलो."

शेजारीण म्हणाली, "ह्या लोकांचां काय सांगतंस," आणि दोघी पेडण्याच्या बाजारात माशांना काय दर आहे ते बोलायला लागल्या.

दादा, मला तेव्हा रडू आलं नाही. शिसारी आली. आपल्याच गावच्या बायकांची, त्या बुटाची, त्या 'चल, चल' करणाऱ्या हाताची. ती अजून गेलेली नाही, आणि ती न लपवता लिहायचं ठरवलं आहे. चुकलं तर तू समजून घेशील. तू माझी पुष्कळ वेडीवाकडी बोलणी समजून घेतली आहेस.

तू चंदगडाहून आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आलास, तेव्हा आई मला म्हणाली होती, "भायलो माणूस, जरा जपान रव गो." चार दिवसांनी तीच आई तुला वाटीतून सोलकढी नेऊन देत होती आणि तू ती पिऊन तोंड वाकडं न करण्याचा प्रयत्न करत होतास. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की तू बनियनवर धावत जायचास आणि कडक उंडा हातात घेऊन आईला विचारायचास, "मावशी, ह्यो खायचा का कुणाच्या डोक्यात घालायचा?" आई हसून हसून चुलीपाशी बसायची. पुढे तुला उंड्याशिवाय चहा जाईना. गावाला जाताना पिशवी भरून न्यायचास. "तिथं पोरं भांडत्यात यावरनं," म्हणायचास.

मला तू 'कॉलेज' म्हणायचास. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. मला प्रवेश मिळाला तेव्हा बाबांना नेमकं काय करायचं ते सुचेना. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि "बरां झालां" म्हणून पोफळींना पाणी सोडायला गेले. तू मात्र तुयेच्या नाक्यावरून पेढे आणलेस आणि वाड्यावर घरोघर वाटत सुटलास. लोक विचारायचे, "तुझी कोण ती?" तू म्हणायचास, "आमच्या घरात कॉलेज हाय आता." आमच्या घरात, असं म्हणालास. संध्याकाळी कामावरून आलास की हातपाय धुऊन पायरीवर बसायचास आणि विचारायचास, "आज काय शिकिवलं?" मी सांगायला लागले की झोप आली तरी ऐकायचास. मला वर्गात प्रश्न विचारायला भीती वाटायची, अजून वाटते. पण तुला सांगता सांगता मला विषय कळायचा. याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. म्हणायचं असतं हेच सुचलं नव्हतं.

वळणाबद्दल मात्र आपण पुष्कळ बोललो. भांडलोच म्हण.

ज्यांनी तो रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. हमरस्ता रुंद करायचं काम चालू आहे. आमच्या वळणावर एक बाजू पूर्ण खणून ठेवली आहे. दोन्हीकडच्या गाड्या उरलेल्या अरुंद पट्टीतून सोडायच्या, म्हणून एकेका बाजूला झेंडा घेऊन माणूस उभा करतात. आमच्या बाजूचा माणूस तू. तुझ्या एका अंगाला खणलेला चर आणि दुसऱ्या अंगाला गाड्या. 'काम चालू आहे, सावकाश चालवा' हा फलक वळणाच्या पलीकडे, खणतीच्या तोंडाशी. म्हणजे गाडीवाल्याने तो वाचेपर्यंत तो तुझ्यापाशी पोचलेला. सुरुवातीला तिथे लुकलुकणारे पिवळे दिवे होते. ते पुढे पुलाच्या कामाला नेले. मग तू डांबराच्या रिकाम्या पिंपात माती भरून त्यात माडाचं एक चुडत, अख्खी झावळी, उभं रोवलंस आणि ते वळणाअलीकडे नेऊन ठेवलंस. हिरवं होतं तोवर लांबून दिसायचं. सुकलं की तू नवं तोडून आणायचास. आमच्या माडाची चुडतं जायची म्हणून बाबा कुरकुरायचे आणि स्वतःच काढून द्यायचे.

आणि ती जॅकेटं. चमकत्या पट्ट्यांची, पोपटी. तुमच्या सगळ्यांसाठी ती आलेली होती. कंटेनरच्या ऑफिसात कपाटात होती. साहेब तपासणीला यायचे त्या दिवशी बाहेर काढायची, घालून सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं, फोटो झाला की परत घडी करून आत. अशाच एका दिवशी तू बस थांबवलीस आणि मी खिडकीतून ओरडले, "दादा, आज जॅकेट?"

"लगीन हाय आज!" तू झेंडा फडकावत म्हणालास. "साहेबांचं वऱ्हाड यायचंय. नटून उभारलोय."

सगळी बस हसली. मीही हसले. संध्याकाळी मी विचारलं, रोज का देत नाहीत? तू म्हणालास, "मळत्यात की."

मला वाटलं तू थट्टा करतोयस. तू थट्टा करत नव्हतास. सुपरवायझर खरंच असं म्हणाला होता. जॅकेटं मळतात, मग फोटोत घाण दिसतात.

त्या रात्री जेवताना मी मोबाइलवर शोधलं होतं ते तुला वाचून दाखवलं. रस्त्याचं काम असलं की फलक खूप आधीपासून लावायचे असतात, वाट हळूहळू अरुंद करत आणायची असते, झेंडेवाल्याच्या मागे पळायला मोकळी जागा ठेवायची असते आणि कामावरच्या माणसात आणि गाडीत मजबूत कठडा असायला हवा. तू ताटातला भात कालवत ऐकलंस आणि म्हणालास, "समदं बरोबर हाय. पण हे मला कशाला सांगतीस? मी काय कंत्राटदार हाय?"

"मग उभा राहू नकोस."

"मी न्हाई उभारलो तर दुसरा उभा करतील."

"त्यानेही नाही म्हणायचं."

तू हसलास. "कॉलेज, तुझ्या पुस्तकातली माणसं लई सरळ असत्यात बघ."

मला राग आला होता. मी म्हटलं, तुमच्यासारख्यांमुळेच त्यांचं फावतं. तूही जरा चिडलास. म्हणालास, "आणि तुझी बस? तुझा डायव्हर झेंडा बघून थांबतोय व्हय? पार अंगावर आणून थांबवतोय. आतनं माणसं शिव्या देत्यात, ह्या घाट्यानं आडवलं म्हणून. मी काय माझ्या लग्नाला आडवतोय?" मग भाड्याच्या गाड्या घेऊन फिरायला येणाऱ्यांचं सांगितलंस. गाणी लावलेली, एक हात बाहेर, झेंड्याकडे बघून टाटा करतात. आई म्हणाली, जेवा आता दोघांनी. आई मुळगावची. खाणींचे ट्रक रात्रंदिवस जायचे तेव्हा ती तिथे लहानाची मोठी झालेली. तिला हा विषयच नको असतो. तिने उठून जनेल, रस्त्याकडची खिडकी, लावून घेतलं, जसा काही रस्ता तिथून आत येत होता.

शेवटी तू म्हणालास, "बरं, बोलतो त्यास्नी. दिवे तरी मागतो." आपलं भांडण तिथेच थांबलं. तू बोललास का, ते मला नंतर कळलं. बोलला होतास. सुपरवायझरने सांगितलं होतं, "येतले, येतले."

हॉस्पिटलात मी बाबांबरोबर गेले होते. तिथे बाहेरच्या बाकावर तुला धडकलेल्या टेंपोचा डायव्हर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. बेळगावाहून कोबी घेऊन येत होता. बाबांनी त्याला चहा आणून दिला. मला ते पटलं नाही, मी लांब उभी राहिले. तो चहा न पिता नुसता धरून बसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, मी प्यालो न्हवतो हो. बघा, तपासलंय त्यांनी. धुक्यातनं वळलो तर समोर लाल कापड. कापडामागं माणूस हाय हे कळंपर्यंत..." त्याने कप बाकावर ठेवला. त्याचा राग करायचं मी ठरवून आले होते. ते जमलं नाही. त्यालाही कोणी आधी सांगितलं नव्हतं की पुढे वाट संपते. दोन माणसं एका वळणावर समोरासमोर आणून सोडली होती, आणि ज्यांनी सोडली ते दोघांकडेही बोट दाखवत होते. टेंपो जोरात होता. झेंडेवाला रस्त्यात आला. सुपरवायझर हेच सगळ्यांना सांगत होता. रस्त्यात येऊ नये तर तू कुठे उभं राहायला हवं होतं, चरात?

वहिनी आल्या. तुझ्या भावाबरोबर, पहाटे निघून. त्यांनी जागा बघायची म्हटलं म्हणून बाबा त्यांना वळणावर घेऊन गेले, मीही गेले. त्या दिवशी सगळ्या कामगारांच्या अंगावर जॅकेटं होती. नवी, घड्या पडलेली. वहिनींनी एकेकाचं जॅकेट बघितलं. मग त्यांनी सुपरवायझरला अगदी साधेपणाने विचारलं, "ह्यांचं कुठं हाय? ह्यांचं जॅकेट?"

त्यांना वाटलं, तुझ्या सामानात असेल, न्यावं. सुपरवायझरने मोबाइल कानाला लावला. कोणाचा फोन आलेला नव्हता.

दादा, यापुढचं तुला माहीत नाही, म्हणून नीट सांगते.

तू गेल्यावर त्या जागी उभं राहायला कोणी तयार होईना. तुमच्या टोळीतल्या यल्लाप्पाला उभा केला, तो दुपारी झेंडा ठेवून निघून गेला. तशात खणायचं पोकलेन बंद पडलं. मग कोणीतरी बोललं, राखणदार कोपला. तुला आठवत असेल, वळणावरच्या झाडाखाली आमच्या शिवेच्या राखणदाराचा, गाव राखणाऱ्या देवाचा, दगड होता. झाड कापलं तेव्हा तो दगड कडेला सरकवून खडीच्या ढिगाशी ठेवला होता. सगळ्या गावाने बघितलं होतं आणि गप्प बसलं होतं. आता लोकांना एकदम आठवलं. आणि मग कुजबुज सुरू झाली की भायल्या माणसाने त्या जागेवर काहीतरी वंगाळ केलं असणार. पाय लावला असेल, थुंकला असेल, आणखी काय काय. तू! तू तर येता-जाता त्या दगडाला हात लावून कपाळाला लावायचास. मी रोज बसमधून बघितलं आहे.

शिवेवर गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने सांगायचं, मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आजोबा घालायचे, आता बाबा. सुपरवायझर डिचोलीकडचा, त्याला हे सगळं माहीत. तो आमच्या अंगणात आला, चपला काढून बसला आणि म्हणाला, "गावकर काका, एक गाराणां घालून दिया. कामगार भियेल्यात. आणि त्या मारुतीकडसून काय चूकबीक झाली आसात, ती पोटात घाल म्हणान सांगा. नारळ, केळी, सगळां आमी हाडतों."

बाबा म्हणाले, "घालुया."

मी आत होते. तो गेल्यावर बाहेर आले आणि बाबांना म्हटलं, "मारुतीदादाची चूक? तुम्ही असं म्हणणार?"

"तू अभ्यास कर."

"ज्या माणसाने तुमच्याबरोबर एका ताटात..."

"गो, गप रव म्हटलां ना!"

मी त्या दिवशी जेवले नाही. आई म्हणाली, बापाशीकडे असां उलयतत? मी म्हटलं, तुम्हाला सगळ्यांना काहीच वाटत नाही. एक नारळ फोडला की माणूस मेला तो मेलाच, आणि चूक त्याचीच. मला बाबांची किळस आली होती. खरंच आली होती. बाबा पोफळीखालच्या सुपाऱ्या वेचत बसले.

गाऱ्हाण्याला मी गेले, ते न म्हणण्यासाठी. 'व्हय म्हाराजा' म्हणायचं नाही, एवढंच मला करता येण्यासारखं होतं. गावचे पुष्कळ लोक जमले. कामगार एका बाजूला, जॅकेटं घालून. काम बंद होतं, गाड्या लांब अडवून ठेवल्या होत्या. त्या दिवशी बरोबर लांब अडवल्या होत्या, दोन्हीकडे माणसं उभी करून. देवासमोर गर्दी होणार होती ना.

बाबांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, हात जोडले.

"बा देवा राखणदारा, शिवेवयल्या धन्या! आज हय जमलेली ही तुझी लेकरां नारळ-केळां घेऊन तुझ्या पायाकडे इलीहत, तां मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या रस्त्याच्या कामात जाणता-अजाणता कोणाकडसून काय चूक झाली आसात, ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सुपरवायझरचा आवाज सगळ्यांत मोठा. डोळे मिटलेले. मी ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, झालं, आता नारळ फुटणार. पण बाबा थांबले नाहीत.

"मारुती म्हणान एक लेकरू भायल्या गावासून पोट भरूक इल्लां. तां तुझ्या दारात पडलां रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या आंगार जाकीट नाय होतां रे म्हाराजा!"

गावच्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग कामगारांच्या बाजूने आवाज आला, आधी एकाचा, मग सगळ्यांचा. "व्हय म्हाराजा!"

"हयले दिवे काढून भलतीकडे नेल्यानी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि यात सुपरवायझरही म्हणाला. सवयीने. म्हणून झाल्यावर त्याने डोळे उघडले.

बाबांचा आवाज चढला. "तुझी जागा उघडी पडली. गाडये तुझ्या आंगार येतत. तू म्हणतंस, माका कठडो जाय! वळणाच्या अलीकडसून थेट त्या फणसापावत कठडो, पेटते दिवे, आणि लांबसून दिसात असो फळो. तां होईसर ह्या कामाक कोणी हात लावचो नाय, असां तुझां म्हणणां आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दादा, जे लोक ऑफिसच्या कंटेनरसमोर तोंड उघडत नव्हते, ते ओरडत होते. यल्लाप्पाला आमचं बोलणं धड कळत नाही, तोही ओरडत होता. गावचे लोक ओरडत होते, त्या बसमधल्या दोघींपैकी एक तिथे होती, तीही. मीही म्हटलं. न म्हणायला गेले होते आणि म्हटलं.

नारळ फुटल्यावर सुपरवायझर प्रसादाचं केळं हातात धरून बाबांकडे आला. "गावकर काका, कठडो फणसापावत म्हटल्यार खूप लांब जाता. थोडो कमी..."

"माका कित्या सांगतंस?" बाबांनी दगडाकडे बोट केलं. "तेका सांग."

आठवडा उलटायच्या आत कठडा आला. लोखंडी, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, वळणाअलीकडून फणसापर्यंत. दिवे आले. फलक आला, खूप आधी, नदीकडून वर आलं की दिसतो असा. दगडासाठी घुमटी बांधली, तिला फरशी लावली, आत बल्ब. कंत्राटदाराची माणसं स्वतः येऊन हार घालून फोटो काढून गेली. इतकं सोपं होतं, दादा. माल कुठेतरी पडलेला होता. माणसं होती, गाडी होती, एका दिवसाचं काम होतं. तू मागितलेस तेव्हा 'येतले, येतले' होतं. आणि एका दगडाला धक्का लागू नये म्हणून सगळं हजर झालं. देवाचा मला राग नाही. पण रोज बस त्या चकचकीत कठड्यापाशी आली की मी दुसरीकडे बघते. जॅकेटं मात्र अजूनही कंटेनरात जातात. देवाला जॅकेट लागत नाही, म्हणून ते मागता आलं नाही.

मी बाबांना विचारलं. ते विहिरीवर पंपाचा पाइप बांधत होते. "बाबा, देवाने खरंच सांगितलं होतं?"

"तां मी आणि देव बघून घेव."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात."

बाबांनी पाइप सोडला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "मी मारुतीच्या नावान मागलं आसतंय, तर दिल्यानी आसतां?"

बाबा बरोबर होते, आणि ते बरोबर होते याचीच मला जास्त घाण वाटते. तू असतास तर बाबांच्याच बाजूने बोलला असतास. तुम्ही दोघं मिळून मला नेहमी हरवायचात. पण मी अजून हरलेली नाही. मी म्हणते ते हे: माणसाच्या नावाने मागितलेलं मिळायला पाहिजे. तेवढंच. ते सांगायला मला कॉलेजात जायची गरज नव्हती, आणि कॉलेजात जाऊनही ते कोणाला कसं सांगायचं हे मला कळत नाही. म्हणून तुला लिहिते आहे.

यल्लाप्पा आता परत तिथे उभा राहतो. कठड्याच्या आत, घुमटीला पाठ लावून. गाड्या लांबूनच वेग कमी करतात. परवा एक गाडी तरीही पट्टी सोडून आली, कठड्याला घासली आणि थांबली. यल्लाप्पाने तिच्या डायव्हरला कानडीत दिलेल्या शिव्या आमच्या बसपर्यंत ऐकू आल्या. तो शिव्या देत होता म्हणजे जिवंत होता. मला इतका आनंद झाला की शेजारची मुलगी बघायला लागली. आणि लगेच तुझी आठवण आली, आणि तो आनंद कुठे ठेवावा ते कळेना.

काल वहिनींचा फोन आला होता. मुलांची परीक्षा झाली, धाकटा उंडे मागतो, तुमच्या आईला सांग, असं बोलत होत्या. मग म्हणाल्या, "तिथं आता कोण उभारतंय?"

मी सांगितलं. कठडा झालाय, दिवे लागलेत, आता तिथे उभा राहणारा आत असतो, हेही सांगितलं.

"ह्यांच्यामुळं घातला न्हवं त्यांनी? कठडा?" वहिनी म्हणाल्या. "ह्यांचं असं झालं म्हणून?"

दादा, त्या थांबल्या होत्या उत्तरासाठी. मागे पोरांचा आवाज येत होता. त्या घरात तुझ्याबद्दल काय सांगितलं जाईल, ते माझ्या एका शब्दावर होतं.

"होय वहिनी," मी म्हटलं. "दादामुळेच घातला."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पोरांना हाक मारली.